व्याघ्रदर्शन आणि माळरान : मराठी निसर्गगद्यातील देशाभिमानाची चिकित्सा

प्रस्तावना

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून केलेल्या भाषणात पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत प्रत्येक भारतीयाने देशातील किमान पंधरा पर्यटनस्थळे पाहावीत, असे आवाहन केले. जानेवारी २०२० मध्ये पर्यटन मंत्रालयाने 'देखो अपना देश' हा उपक्रम सुरू केला. पुढे स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत 'युवा टुरिझम क्लब' स्थापन करण्याची कल्पना मांडण्यात आली. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'अतुल्य भारत' या मोहिमेचा रोख मुख्यतः परदेशी प्रवाशाकडे होता. नव्या उपक्रमात मात्र पाहणारा आणि दाखवणारा एकच आहे. आपला देश पाहणे हीच देशप्रेमाची एक कृती मानली गेली आहे, आणि या कृतीच्या अग्रभागी किल्ले व तीर्थक्षेत्रे यांच्याबरोबर आता अभयारण्ये आली आहेत.

ही गोष्ट आपल्या व्यवसायाशी दूरची नाही. महाविद्यालयाची वार्षिक सहल ठरविणारे, पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पाचे विषय देणारे आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेले सहलीचे अहवाल तपासणारे आपणच असतो. या अहवालांतील एक वाक्य परिचयाचे झाले आहे : जंगल सुंदर होते, परंतु वाघ दिसला नाही. या वाक्यातील 'परंतु' हा शब्द प्रस्तुत लेखाचा खरा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल.

देशाटन, वन्यजीव आणि अभिमान यांचे नाते मराठी गद्याने कसे घडविले, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) आणि मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) या दोन लेखकांचे लेखन मुख्यतः समोर ठेवले असून काका कालेलकरांचे प्रवासवर्णन पार्श्वभूमीदाखल घेतले आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे निसर्गगद्यातील मोठे लेखन खरे. परंतु ते प्रवासाचे नव्हे, एका जागी राहून पाहण्याचे गद्य असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आजचा वन्यजीवविषयक देशाभिमान बोधचिन्हावर आणि आकड्यावर उभा आहे. मराठीतील उत्तम वनगद्य मुक्कामावर आणि नावांवर उभे आहे. परंतु या गद्याची आपण जी समीक्षा केली तीही नकळत अरण्यापुरती मर्यादित राहिली, आणि महाराष्ट्राच्या फार मोठ्या भूभागाचे जे रूप आहे ते माळरान तिच्या कक्षेबाहेर पडले.

'दर्शन' या शब्दाचा प्रवास

सातारा येथे १८८५ मध्ये जन्मलेल्या आणि गांधीजींनी ज्यांना 'सवाई गुजराती' म्हटले त्या काका कालेलकरांनी १९१२ च्या सुमारास हिमालयाचा प्रवास केला. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी प्रथम गुजरातीत लिहिले. पुढे 'लोकमाता'मध्ये त्यांनी देशातील नद्यांना माता म्हणून संबोधिले. पारतंत्र्याच्या काळात देश पाहणे म्हणजे देश आपला म्हणणे, हा भाव या लेखनाच्या मुळाशी आहे. यात्रेची जुनी परंपरा आणि नवा राष्ट्रवाद यांचा येथे सांधा जुळतो. यात्रेकरू देवतेच्या दर्शनाला जातो; कालेलकर देशाच्या दर्शनाला जातात.

दर्शन या संकल्पनेत पाहणाऱ्याने नम्र होणे गृहीत असते. नदी आपल्यासाठी वाहत नाही, आपण तिच्यापाशी जातो. शिवाय दर्शन परस्पर असते, देवही भक्ताकडे पाहतो, अशी श्रद्धा त्यामागे आहे. आज मराठी वृत्तपत्रांतून 'पर्यटकांना वाघाचे दर्शन' किंवा 'व्याघ्रदर्शन' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. शब्द तोच, परंतु व्यवहार बदललेला आहे. प्रवेशपत्राचे पैसे भरले, जिप्सी घेतली, गाइड बरोबर आहे, आणि तरीही दर्शन झाले नाही, याची तक्रार करता येते. देवळातून परतणारा भक्त अशी तक्रार करीत नाही. भक्तीची भाषा आणि ग्राहकाचा हक्क या दोहोंचे हे मिश्रण वन्यजीव पर्यटनाच्या भाषेत सर्वत्र आढळते. तिच्यातील देशाभिमान बहुधा प्रामाणिकही असतो. पण तो दिसण्यावर अवलंबून असतो, आणि दिसले नाही की ओसरतो.

बोधचिन्ह आणि आकडा

कोणता प्राणी राष्ट्राचा, हा प्रश्न निसर्गाने सोडविलेला नाही, समित्यांनी सोडविलेला आहे. १९७२ पर्यंत भारताचा राष्ट्रीय प्राणी सिंह होता. त्यानंतर ते स्थान वाघाला देण्यात आले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत महाराष्ट्रातील मेळघाटचा समावेश होता. या निर्णयामागे व्यवहारी शहाणपण होते. सिंह एकाच राज्यात उरला होता, वाघ मात्र अनेक राज्यांत होता. एका प्राण्याच्या निमित्ताने अनेक प्रकारची अरण्ये वाचवावीत, हा विचार योग्यच होता आणि त्याचे फळही मिळाले. १९७२ च्या गणनेत वाघांची संख्या १,८२७ धरली होती. पद्धत बदलून केलेल्या २००६ च्या गणनेत ती १,४११ निघाली. २०१८ मध्ये २,९६७ आणि २०२२ मध्ये सरासरी ३,६८२ असे अंदाज आले. त्यांपैकी महाराष्ट्रातील वाघ ४४४. दोन निरनिराळ्या पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु अभिमानाला पद्धतीशी कर्तव्य नसते, त्याला वाढता आकडा पुरतो. २००४-०५ मध्ये सरिस्कातील आणि २००९ पर्यंत पन्नातील सर्व वाघ नाहीसे झाले, तेव्हा हीच आकड्याची संस्कृती काही काळ खोट्या आकड्यांना कवटाळून बसली होती, हेही विसरता येणार नाही.

अभिमान राष्ट्राचा असतो तसाच राज्याचाही असतो, आणि दोहोंचा संघर्ष झाला म्हणजे प्राण्याचे काय होते, याचे उदाहरण गीरच्या सिंहाने पुरविले आहे. एखादी साथ आली तर एकाच ठिकाणी असलेले सर्व सिंह धोक्यात येतील, या भीतीने त्यांतील काही मध्य प्रदेशातील कुनो येथे न्यावेत, अशी योजना होती. त्यासाठी कुनोतील २४ गावे हलविण्यात आली. तेथील बहुसंख्य कुटुंबे सहरिया आदिवासींची होती. गुजरातने सिंह देण्यास विरोध केला. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतराचा आदेश दिला आणि मालकीच्या भावनेपेक्षा प्रजातीचे हित मोठे, असे तत्त्व त्यात मांडले. तरीही सिंह कुनोला गेले नाहीत. २०२५ च्या गणनेत गुजरातमधील सिंहांची संख्या ८९१ झाली आणि तिचा योग्य तो अभिमान व्यक्त झाला. कुनोत मात्र १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये घोषित झाले होते. गमावलेले परत आणल्याचा आनंद देशाने साजरा केला. परदेशातून आणलेला प्राणी 'स्वदेशी' वैभवाचे प्रतीक ठरला आणि ज्याच्यासाठी गावे उठली तो देशी प्राणी मात्र आपल्याच देशातील दुसऱ्या राज्यात जाऊ शकला नाही. चित्त्याच्या प्रयोगाचे शास्त्रीय मूल्य काय, हा निराळा प्रश्न आहे आणि त्यावर मत देणे प्रस्तुत लेखकाच्या अधिकाराबाहेरचे आहे. येथे एवढेच नोंदवायचे की, त्या २४ गावांतील माणसांचे नाव या दोन्ही अभिमानांच्या कथेत कोठेही नाही.

'नागझिरा' : मुक्कामाचे गद्य

या पार्श्वभूमीवर माडगूळकरांचे 'नागझिरा' वाचले म्हणजे एका निराळ्या जगात आल्यासारखे वाटते. नागझिरा हे तेव्हाच्या भंडारा, आता गोंदिया जिल्ह्यातील अरण्य. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. माडगूळकर तेथे गेले ते राहण्यासाठी. एकेकाळी शिकारीचा नाद असलेला हा लेखक बंदुकीऐवजी वही आणि रेखाटनाचे साहित्य घेऊन जातो, पायी हिंडतो, पाणवठ्यापाशी बसून राहतो. शिकाऱ्याची चिकाटी त्याच्यापाशी शाबूत आहे. तिचे उद्दिष्ट तेवढे बदलले आहे.

या पुस्तकाचे वैशिष्ट्य त्याच्या प्रमाणबद्धतेत आहे. येथे प्राण्यांची उतरंड नाही. गवा, चितळ, वानर, रानकुत्रे, पाखरे, मुंग्या या सर्वांना लेखकाची दृष्टी त्यांच्या त्यांच्या वेळेनुसार मिळते. वाघ या अरण्यात आहे, हे वाचकाला सतत जाणवते, परंतु त्याच्या दिसण्या-न दिसण्यावर पुस्तकाचे यशापयश टांगलेले नाही. सहलीच्या अहवालातील तो 'परंतु' येथे उमटत नाही. वाक्ये लहान आहेत, विशेषणे मोजकी आहेत, भव्यतेचे उद्गार जवळजवळ नाहीत. देशाच्या वैभवाविषयी लेखक काही बोलत नाही. तरीही पुस्तक मिटताना हे अरण्य आपले आहे, ही भावना वाचकाच्या मनात उरते. अभिमानाचा उच्चार न करता आपलेपणा निर्माण करण्याची ही शक्ती आपल्या समीक्षेने पुरेशी ओळखलेली नाही, असे म्हणावे लागेल.

'सत्तांतर' (१९८२) हे या दृष्टीचे पुढचे पाऊल. या लघुकादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष, नव्या नराने टोळी ताब्यात घेणे आणि आधीच्या नराची पिल्ले मारली जाणे, हा तिचा विषय आहे. शीर्षकामुळे तिचे राजकीय रूपक म्हणून वाचन करण्याचा मोह होतो आणि मराठीच्या वर्गांत बहुधा तसेच ते होते. परंतु तिच्यामागे भारतातील वानरांचा अभ्यास आहे, ही गोष्ट रूपकाच्या नादात हरवते. युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ, एस. एम. मोहनोत यांनी जोधपूर येथे आणि सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर केलेल्या निरीक्षणांतून वानरांमधील शिशुहत्या हा जगभरच्या वर्तनशास्त्रातील वादाचा विषय झाला होता. आपल्या देवळांच्या आवारात बसणाऱ्या, हनुमंताचा वारसा सांगणाऱ्या या प्राण्याचे असे रूप स्वीकारणे भाविक अभिमानाला कठीण होते. माडगूळकरांनी ते निर्विकारपणे लिहिले. वानरांना त्यांनी सज्जनही केले नाही आणि दुष्टही केले नाही. देशी प्राण्याविषयीचा आदर त्याच्या गौरवगानातून व्यक्त व्हावा, हे आवश्यक नाही; त्याचे वर्तन जसे आहे तसे लिहिणे हाही आदरच होय.

पुस्तकातील नागझिऱ्यानंतर प्रत्यक्ष नागझिऱ्याची एक अलीकडची हकीकत नोंदविण्यासारखी आहे. येथेच वाढलेला 'जय' नावाचा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. पाहता पाहता ते नवे अभयारण्य त्याच्यामुळे प्रसिद्ध झाले, पर्यटकांची रीघ लागली. एप्रिल २०१६ नंतर जय दिसेनासा झाला आणि त्याचा ठावठिकाणा लागला नाही. एका प्राण्याच्या नावावर अरण्याची कीर्ती उभारली म्हणजे ती कशी त्याच्याबरोबर नाहीशी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही. ताडोब्यातील 'माया' किंवा 'मटकासुर' ही नावेही अशीच घरोघरी पोहोचली आहेत. तुलनेने ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून पडले असे गोंड समाज मानतो, तो पर्यटकांना फारसा माहीत नसतो. आणि गाभा क्षेत्रातून उठलेल्या बोटेझरी, जामणी या गावांची नावे तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक असतात.

चितमपल्लींची शब्दसंपदा आणि तिची मर्यादा

मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. २००६ च्या सोलापूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते, आणि त्यांचा ५ नोव्हेंबर हा जन्मदिवस ते डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हा जन्मदिवस, हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. 'अरण्यऋषी' ही उपाधी त्यांच्या नावाला इतकी चिकटली आहे की, त्यांच्या लेखनाचे परीक्षण करणे म्हणजे जणू अनादर करणे, अशी समजूत होऊ पाहत आहे. ऋषी म्हटले की वाचन थांबते आणि नमस्कार सुरू होतो. हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य भाषेचे आहे, असे माझे मत आहे. 'पक्षिकोशा'त त्यांनी पक्ष्यांची मराठी, संस्कृत आणि बोलींतील नावे एकत्र आणली. बगळ्यांच्या वीण-वसाहतीसाठी 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुजविले. गोंड, कोरकू, ढीवर, फासेपारधी यांच्याकडून त्यांनी शब्द गोळा केले. 'नवेगावबांधचे दिवस', 'रातवा', 'जंगलाचं देणं' या पुस्तकांतून ही शब्दसंपदा वाचकांपर्यंत गेली. ज्याला नाव नाही ते दिसत नाही, हा अनुभव आपल्या प्रत्येकाचा आहे. 'पक्षी' म्हणून पाहिलेले पाखरू विसरते. 'रातवा' म्हणून ओळखलेले लक्षात राहते. देश ओळखण्याचा हा मार्ग पंधरा स्थळांच्या यादीपेक्षा संथ आहे, पण टिकाऊ आहे.

दोन मर्यादा मात्र मांडल्या पाहिजेत. पहिली अशी की, प्रत्यक्ष निरीक्षण, ऐकीव माहिती आणि प्राचीन ग्रंथातील वचन यांच्यातील सीमारेषा त्यांच्या लेखनात पुष्कळदा पुसट होते. तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेव यांच्या 'मृगपक्षिशास्त्रा'चे मराठीत भाषांतर करून त्यांनी मोठेच काम केले. परंतु प्राचीनांना हे ठाऊक होते, या अभिमानाच्या भरात एखादे वर्णन पडताळून पाहण्याची निकड कमी होते. बोधचिन्हाचा अभिमान वर्तमानाविषयी असतो, हा भूतकाळाविषयी असतो. दोन्ही ठिकाणी प्राणी थोडासा मागे सरकतो. माडगूळकर ग्रंथाला इतका मान देत नाहीत, म्हणून त्यांचे गद्य माहितीने कमी भरलेले असूनही अधिक विश्वासार्ह वाटते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. चितमपल्लींनी वनखात्यात छत्तीस वर्षे सेवा केली आणि १९९० मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या लेखनात आदिवासी माणूस ज्ञानदाता म्हणून सन्मानाने येतो, कित्येकदा गुरूच्या स्थानी येतो. परंतु त्या अरण्यावर हक्क सांगणारा म्हणून तो फारसा येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर हे लेखन पुन्हा वाचताना ही उणीव डोळ्यांत भरते. ते लेखन त्या आधीच्या काळाचे आहे, हे मान्य करूनही शब्द ज्याच्याकडून घेतले त्याचे म्हणणे काय होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. कुनोतील सहरियांच्या बाबतीत जे घडले त्याची बीजे अशाच मौनात असतात.

माळरान : 'बनगरवाडी'च्या दुसऱ्या वाचनाची गरज

आतापर्यंतची सर्व उदाहरणे अरण्यातील आहेत. हा योगायोग नव्हे. मराठीत 'वनसाहित्य' या नावाखाली ज्या पुस्तकांची चर्चा होते ती झाडी असलेल्या प्रदेशांची, मुख्यतः विदर्भाची आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा येथील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मूळ निसर्ग आहे तो गवताळ माळाचा. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल ही या माळाची प्रजा. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद पुष्कळदा 'पडीक' अशी होते, आणि मग तिच्यावर झाडे लावणे हे देशकार्य ठरते. गवताळ भूमीवर झाडे लावली म्हणजे तिचे पशुपक्षी निघून जातात, ही साधी गोष्ट वृक्षारोपणाच्या समारंभात सांगणारा मनुष्य अप्रिय होतो.

माळढोकाची कथा या विस्मरणाचे सार आहे. हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा, अशी डॉ. सालिम अली यांची सूचना होती. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. निवडीची कारणे काहीही असोत, मोर आज सर्वत्र आहे आणि माळढोक जवळजवळ संपला आहे. देशभरात त्याची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते आणि ते बहुतांशी राजस्थानच्या वाळवंटी भागात आहेत. १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र कागदावर प्रचंड होते. त्यात शेते होती, गावे होती, बाजारपेठा होत्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आल्याने लोकांच्या मनात पक्ष्याविषयी आपलेपणाऐवजी राग साठला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने हे क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले, तोपर्यंत पक्षीही गेलेच होते. चितमपल्लींचा जन्म आणि मृत्यू ज्या सोलापुरात झाला त्याच्या वेशीवरची ही गोष्ट आहे. त्यांच्या लेखनाचा मुख्य भार मात्र विदर्भाच्या अरण्यावर राहिला.

आणि येथे माडगूळकर पुन्हा समोर येतात. 'बनगरवाडी' (१९५५) ही ग्रामीण कादंबरी म्हणून आपण गेली अनेक दशके शिकवीत आलो आहोत. औंध संस्थानातील एका लहानशा धनगरवस्तीवर आलेला तरुण शिक्षक, तेथील कारभारी, लोकांनी उभारलेली तालीम, शेवटी दुष्काळ आणि ओस पडणारी वाडी, हा तिचा ऐवज. प्रश्नपत्रिकेत तिच्या 'प्रादेशिकते'वर आणि 'व्यक्तिचित्रणा'वर प्रश्न येतात. परंतु ही कादंबरी मराठीतील माळरानाचे बहुधा सर्वांत समर्थ गद्यही आहे. गवत असेल तर मेंढरे, मेंढरे असतील तर माणसे, पाऊस गेला की सर्वच गेले : माणूस, जनावर आणि जमीन यांचे परस्परावलंबन येथे कथानकाची चौकट म्हणून आलेले आहे. वाडीचे ओस पडणे ही सामाजिक घटना आहे तशीच ती एका परिसंस्थेतील घटना आहे. मेंढपाळाच्या स्थलांतराने माळाचे गवत पुन्हा उगवण्यास अवकाश मिळतो, ही गोष्ट माळाच्या अभ्यासकांना परिचित आहे; साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे त्या दृष्टीने पाहिलेले नाही.

एकाच लेखकाची दोन पुस्तके आपण ग्रंथालयात दोन निराळ्या कपाटांत ठेवली आहेत. 'नागझिरा' हे निसर्गाचे, 'बनगरवाडी' हे माणसांचे. ही विभागणी माडगूळकरांची नाही, आपली आहे. ज्या भूमीत वाघ नाही आणि झाडी नाही ती निसर्ग म्हणून मोजायचीच नाही, ही पर्यटनाची समजूत समीक्षेतही शिरली आहे. जिथे माणसे अजून राहतात त्या निसर्गाचे गद्य आपल्याला ग्रामीण वाटते. तेथून माणसे हलविली की तेच वनसाहित्य होईल काय?

'बनगरवाडी' हे निसर्गलेखन मानले तर तिचे मनुष्यपण कमी होईल, असा आक्षेप घेता येईल. तो विचारात घेण्याजोगा आहे. कादंबरीतील धनगर हे माळाचे 'घटक' म्हणून वर्णिले गेले तर ती जुनीच चूक नव्या परिभाषेत होईल. म्हणून येथे सुचविलेले वाचन उलट दिशेचे आहे. माळरानाचा विचार माणसासह करावयाचा असेल तर त्याची भाषा कादंबरीने आधीच तयार करून ठेवली आहे. 'नागझिरा'ची निरीक्षणपद्धती आणि 'बनगरवाडी'ची माणसांविषयीची आस्था या दोहोंच्या आधारे ते वाचन करता येईल.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यासाचा जो सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला, त्याच्या क्षेत्रकार्याच्या घटकात स्थानिक परिसराला भेट देऊन तेथील नदी, वन, गवताळ प्रदेश, टेकडी किंवा डोंगर यांची नोंद करणे अपेक्षित होते. 'स्थानिक' आणि 'गवताळ प्रदेश' हे दोन्ही शब्द त्या घटकात आहेत. व्यवहारात मात्र या घटकाची पूर्तता बहुधा दूरच्या अभयारण्याच्या सहलीने झाली. अलीकडच्या काळात बारामती-इंदापूर भागात वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे आणि तेथे लांडगा व चिंकारा पाहण्यास लोक येऊ लागले आहेत. तिचेही 'लांडगादर्शन' होणार की काय, हे तेथे जाणारे विद्यार्थी बरोबर काय वाचून जातात यावर काही अंशी ठरेल. नान्नजचे माळरान सोलापूर शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. माळढोक तेथे आता दिसण्याची आशा नाही. काळविटांचे कळप दिसतात, चंडोल ऐकू येतो, आणि दिवाळीनंतर मेंढरे घेऊन उतरणारे धनगर त्याच माळांवरून जातात.